तरंगनाथाची हिरवी रेघ

"आले! आले! बंद्रु, बंद्रु!"

एकच गोष्ट मराठीत आणि कानडीत ओरडून तरंगनाथ महाराजांनी दोन्ही हात वर केले आणि पत्र्याच्या शेडमध्ये दाटीवाटीनं बसलेल्या माणसांनी एका आवाजात 'ओऽऽ' केलं. मराठीवाल्यांनी केलं, अक्कलकोटकडून आलेल्या कानडीवाल्यांनीही केलं. चमत्काराला दुभाषा लागत नाही.

पुढे लाकडी पाटावर एक बाई अनवाणी उभी होती. तिचं बोट तांब्याच्या चकतीवर टेकलेलं होतं. चकतीपासून निघालेली तार टेबलावरच्या एका लोखंडी पेटीत शिरत होती. पेटीला झेंडूच्या माळा, अंगाला कुंकवाचे पट्टे, डोक्यावर नारळ. पेटीच्या तोंडाला बशीएवढी गोल काच होती. त्या काचेत आतापर्यंत निपचित पडलेली हिरवी रेघ बाईचं बोट टेकताच उठली आणि नागमोडी हलायला लागली.

"बगून घ्या, माउली! डाक्टरचं मशीन जित्या माणसाचं काळीज दावतंय. आपलं यंत्र गेलेल्याचं दावतंय! देह जळतो, तरंग ऱ्हातो. क्वांटम म्हणत्यात ह्येला, क्वांटम! अमेरिकेत नासावाल्यांनी ह्येच्यापुढं हात टेकल्यात!"

नासावाले सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावर हात टेकायला कधी आले होते, हे कुणी विचारलं नाही. ज्याच्या घरातलं माणूस गेलंय त्याला असले प्रश्न पडत नाहीत. बाई हुंदके देत काचेला म्हणत होती, "अवो, दाजीबा, मी हितं हाय, मी हितं हाय." आणि रेघ हलत होती.

शेवटच्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर जोतिराम बंडगर बसले होते. तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवून निवृत्त झालेले, टक्कल पडलेले, गळ्यात चष्म्याची दोरी. त्यांची थोरली बहीण मायाक्का त्यांना ओढून घेऊन आली होती. तिचा एकुलता मुलगा बिरुदेव टेंभुर्णीच्या चौकात ट्रकखाली गेला, त्याला दोन पावसाळे झाले होते. गेले काही महिने ती दर गुरुवारी त्याला भेटायला इथं येत होती.

सगळी गर्दी त्या हिरव्या रेघेकडे बघत होती. जोतिराम मात्र पेटीकडे बघत होते. डाव्या कोपऱ्यातलं पितळी कड्याचं बटण, खालची तिरपी पट्टी, काचेभोवतीची जाड काळी चकती. झेंडूंच्या मधून एवढंच दिसत होतं, पण तेवढं पुरे होतं. ते खुर्चीत पुढे सरकले. हा तर तुंगा होता!

आता हे 'तुंगा' काय, ते सांगायला हवं. नवी पेठेच्या मागच्या बोळात, दुसऱ्या मजल्यावर जोतिरामांच्या तीन खोल्या होत्या. त्यांतल्या अडीच खोल्या जुन्या यंत्रांनी भरलेल्या. व्होल्ट मोजणारी, सिग्नल तयार करणारी, आणि सगळ्यांत लाडके ते ऑसिलोस्कोप, म्हणजे विजेची लाट काचेवर काढून दाखवणारी यंत्रं. बंद पडलेल्या गिरण्यांच्या भंगारातून, कॉलेजांच्या लिलावांतून, रद्दीवाल्यांच्या मागच्या खोल्यांतून त्यांनी ती एकेक करून घरी आणली होती. शेजारी म्हणत, सरांनी घराचा भंगारखाना केलाय. त्यात खोटं काही नव्हतं.

पण जोतिरामांना यंत्रापेक्षा ते बनवणाऱ्यांचा नाद जास्त. लंडनच्या टपाल खात्यातल्या एका इंजिनिअरला तीन वेगवेगळे मीटर वागवायचा कंटाळा आला, म्हणून त्यानं तिन्ही एका पेटीत कसे कोंबले. अमेरिकेतली एक कंपनी आपल्या स्कोपच्या पोटात चांदी मिसळलेल्या सोल्डरचं, म्हणजे तारा डागायच्या धातूचं, छोटं रीळ कशी ठेवून द्यायची. पुढं कधी तरी, कुठं तरी, कुणी तरी तो उघडून दुरुस्त करील, त्याच्या हाताशी असावं म्हणून. या गोष्टी ते बायकोला सांगायचे. सोजरला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही. पण डाळ निवडता निवडता ती विचारायची, "मग पुढं काय झालं त्या माणसाचं?" सोजर गेली आणि 'पुढं काय झालं' विचारणारं घरात कुणी उरलं नाही. मुलगी रुपाली पुण्यात. रविवारी तिचा फोन येई, जेवलात का, गोळ्या आहेत का, बरं ठेवते. दिवसच्या दिवस जोतिरामांचा आवाज दूधवाल्यापलीकडे कुणाच्या कानावर पडत नसे. कधी कधी ते एखाद्या मीटरला मोठ्यानं म्हणत, "काय रे, आज काटा का चिकटला?" आणि मग स्वतःच दचकत.

तर हुबळीच्या दोन भावांनी तुंगा नावाची छोटी कंपनी काढली होती. कॉलेजांसाठी थोडेफार स्कोप बनवले आणि कारखाना मिटला. जोतिरामांनी त्याची फक्त एक जुनी जाहिरात बघितली होती. कित्येक वर्षं ते तो शोधत होते. आणि आज तो सापडला, तो नारळ डोक्यावर घेऊन देव झालेला.

"जा की जोत्या," मायाक्कानं कोपरानं ढोसलं. "सोजरला बग. लाजतोस कशाला?"

"अक्का, असू दे."

"ऊठ म्हणते न्हवं!"

थोरल्या बहिणीपुढं निवृत्त प्राध्यापकाचं काय चालणार? ते उठले. महाराजांनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. वय चाळिशीचं, भगवी कफनी, मनगटात जाड कडं, नजर मोठी चलाख.

"औषधपाणी काय चालू हाय का?"

"नाही."

"मग या पाटावर. कुणाला बोलवायचं?"

"बायकोला."

ही लाट कशाची, हे बोट टेकायच्या आधीच जोतिरामांना ठाऊक होतं. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्यांनी सांगितलं असतं. तरीही चकती बोटाला गार लागली, रेघ उठली, आणि महाराज म्हणाले, "आल्या! वहिनी आल्या!" तेव्हा जोतिरामांचे डोळे भरून आले. इतक्या दिवसांत कुणी 'वहिनी' हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारला नव्हता.

"वहिनी म्हणत्यात, येळेवर जेवत जावा."

सोजरनं असलं काही म्हटलं नसतं. ती म्हणायची, जेवताना व्याख्यान देऊ नका, ठसका लागेल. जोतिरामांना हे सगळं कळत होतं. पण बोट उचलायला त्यांनी उशीर केला, हेही खरं.

त्यांच्यामागून आला ईरप्पा. म्हातारा, काठी टेकत, छातीला हात लावत. थोरला भाऊ गेला होता त्याचा.

"गोळ्या खाल्ल्यास?" महाराजांनी दरडावलं.

"बीपीची येकच, म्हाराज."

"मग पाट न्हाय. हितं शुद्धीच्या पोत्यावर हुबा ऱ्हा."

पाटाशेजारी मातीच्या जमिनीवर पाण्यानं भिजवलेलं गोणपाट पसरलं होतं. ईरप्पा त्यावर उभा राहिला, चकतीला बोट लावलं. रेघ जेमतेम शहारली आणि आडवीच राहिली.

"बगा! औषधाचं इख! आत्मा दाराशी येऊन गुदमरतोय! आता बगा आपली मायाक्काबाई. साखरेची सुई सोडली हिनं, महिना झाला. या बाई, पाटावर या."

मायाक्का पाटावर चढली. तिच्या डोक्यावर लायटिंगच्या माळा लोंबत होत्या. तिनं बोट टेकलं आणि लाट काचेच्या वरच्या कडेला जाऊन भिडली.

"बिरुदेव आला! बिरुदेव! लेक कसा नाचालाय बगा आईसाठी!"

मायाक्काच्या सुरकुतल्या चेहऱ्यावर हसू फुटलं. जोतिरामांनी तिला बिरू गेल्यापासून असं हसताना बघितलं नव्हतं. आणि महिनाभर ती इन्सुलिनशिवाय आहे, हे त्यांना त्याच क्षणी कळलं.

कार्यक्रम संपल्यावर महाराजांनी त्यांना मागच्या खोलीत बोलावलं. चहा आला. कफनी खुंटीवर गेली आणि आतून बनियनमधला, शिवराज नावाचा साधा माणूस निघाला.

"सर, तुमी वळखलंय. बगतानाच कळलं मला. सगळी रेघंकडं बगत्यात, तुमी वायरीकडं बगत हुता."

"तू काय करायचास आधी?"

"टेंभुर्णीत मांडव आन् साऊंड. माईकच्या पिनला बोट लागलं की भोंगा कसा गुरगुरतोय, म्हाईत हाय न्हवं? येकदा कॉलेजच्या भंगारात ह्यो डबा गावला. ते गुरगुरणं ह्येच्यात दिसतंय, हे बगितलं आन् टाळकंच उघडलं!" तो खुशीत हसला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "पर आता रेघ फिकी पडाय लागलीय, सर. तुमी येत जावा गुरवारी. यंत्राची सेवा करा. पुढल्या रांगेत खुर्ची टाकतो. सगळी सर सर करत्याल. आन् मी हितनं हाललो की डबा तुमचाच."

जोतिरामांनी कप खाली ठेवला. "माझ्या बहिणीची सुई का सोडायला लावलीस?"

शिवराजनं चहाचा शेवटचा घोट घेतला. मग म्हणाला ते मात्र जोतिरामांच्या कायम लक्षात राहिलं. "लोकांला कायतरी सोडाय लावावं लागतंय, सर. फुकट दावलं तर त्येस्नी पटत न्हाय. काय सोडलं की मग माणूस सोताच राखण करतंय, आपला इश्वास खोटा ठरू नये म्हणून."

जोतिराम उठले. पण सांगायला लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे, रिक्षात बसल्यावर त्यांना अक्काच्या साखरेआधी ती पुढच्या रांगेतली खुर्ची आठवली. शेजारी कुणी तरी बसलंय, नमस्कार सर म्हणतंय, यंत्राबद्दल विचारतंय. घरी येऊन त्यांनी कुलूप काढलं. अडीच खोल्या यंत्रं आणि अर्धी खोली ते. त्या दिवशी ती अर्धी खोली त्यांना फार मोठी वाटली.

दोन-चार दिवसांनी ते शेडपासून जवळच असलेल्या मायाक्काच्या वस्तीवर गेले. ती ओसरीत पडून होती. उशाशी पाण्याची कळशी. तहान भागत नव्हती, उठलं की चक्कर. पायाच्या अंगठ्याची जखम काळी पडायला लागली होती.

"अक्का, दवाखान्यात चल. सुई घे. हे असंच चाललं तर पाय जाईल, जीवही जाईल."

"सुई घेतली की बिरू यायचा न्हाय."

"तो बिरू नाही अक्का. ती वायरमधली वीज आहे. मी तुला समजावून सांगतो."

मायाक्का कोपरावर रेलून उठली. "मला वाटलंच तू यंत्राचं बोलशील. जोत्या, बिरू गेल्यावर तू किती येळा आलास? आलास, जेवलास, पाऊसपाण्याचं बोललास, त्या कुठल्या विंग्रज माणसाच्या मीटरचं बोललास. येकदा तरी माज्या लेकाचं नाव घेतलंस?"

जोतिरामांनी कळशी तिच्याजवळ सरकवली.

"कुणीच घेत न्हाय. सून म्हायेरी गेली. भावकी म्हणती, म्हातारी रडंल, नगं. आरं, रडू दे की म्हातारीला! तितं भरल्या मांडवात 'बिरुदेव आला' म्हणत्यात. मोठ्यानं म्हणत्यात. त्या डब्यात असू दे वीज, न्हायतर राकेल. मला त्येचं नाव ऐकाय मिळतंय." आणि ती भिंतीकडे तोंड करून पडली.

आपण खोटं पाडायला जाणार ते नुसतं यंत्र नाही, हे जोतिरामांना तिथं समजलं. उघड केलं तर बहिणीच्या तोंडावरचं हसू जाणार, कदाचित बहीणही बोलायची बंद होणार. आणि या जगात त्यांना 'जोत्या' म्हणणारं तेवढं एकच माणूस उरलं होतं. गप्प बसलं तर ती मरणार होती. हिशेब सरळ होता, पण करवत नव्हता.

गुरुवारी ते गेले. हातात कापडी पिशवी होती. शिवराजनं खुर्ची खरोखरच पुढच्या रांगेत टाकली होती. सरांना बघून त्याचा चेहरा उजळला.

"आज आपल्यात मोठं शास्त्रज्ञ आल्यात! सर, चार शब्द बोला यंत्राबद्दल."

"बोलतो. त्याआधी थोडी सेवा करू द्या." जोतिराम गर्दीकडे वळले. "तो बाहेरचा एडका कुणाचा?"

"माजा," दारातून बिरप्पा मेंढपाळ म्हणाला.

"आणा आत. पाटावर उभा करा."

एडका पाटावर चढायला तयार होईना. दोघांनी धरून चढवला आणि चटकन बाजूला झाले. जोतिरामांनी चकती त्याच्या ओल्या नाकाला लावली. रेघ उठली आणि डौलात हलायला लागली.

"महाराज, हे कोण आले?"

कुणी तरी खुसूखुसू हसलं. शिवराज तयारीचा गडी. "जनावरातबी आत्मा असतोय, सर! चौऱ्याऐंशी लक्ष योनी!"

"बरं." जोतिरामांनी पिशवीतून जाडजूड सोलापुरी टॉवेल काढला, तांब्यातल्या पाण्यात पिळला, लायटिंगच्या माळांखाली सुतळीनं टांगला आणि चकती त्याला चिकटवली. लाट परत उठली. "हा टॉवेल आहे. गेल्या दिवाळीत चाटी गल्लीत घेतला. यात कोण आलं?"

आता हसू उघड फुटलं. शिवराज पुढे झाला, "यंत्राची चेष्टा करू नका! पाप लागंल!" पण ईरप्पानं काठी आडवी धरली. "थांबा म्हाराज. सरांला बोलू द्या."

"ईरप्पा, आज गोळी घेतली?"

"व्हय. न्हाय घेतली की दम लागतोय."

"मग या पाटावर."

ईरप्पा बिचकत पाटावर चढला. त्यानं बोट लावलं आणि गोळी खाल्लेल्या म्हाताऱ्याची लाट काचेच्या कडेला जाऊन भिडली.

आता उरलं ते जोतिरामांना टाळता आलं असतं तर त्यांनी टाळलं असतं. त्यांनी बहिणीकडे बघितलं. "अक्का, तू सुई सोडली आहेस ना? मग तुझी लाट मोठीच यायला हवी, कुठंही उभी राहा. ये. या पोत्यावर उभी राहा."

मायाक्कानं मान हलवली. नाही. मग सगळी माणसं आपल्याकडे बघतायत हे तिला दिसलं. ती उठली, लंगडत आली, ओल्या गोणपाटावर दोन्ही पाय ठेवले आणि बोट टेकलं. रेघ आडवीच राहिली. तिनं बोट दाबलं. परत दाबलं. "बिरू," ती हळूच म्हणाली. "बिरू, आरं." रेघ हलली नाही.

आपण त्या पोराला दुसऱ्यांदा मारलं, असं जोतिरामांना वाटलं. मायाक्का कुणाकडे न बघता पोत्यावरून बाजूला झाली आणि शेडच्या बाहेर चालू लागली. त्यांना तिच्यामागे धावायचं होतं. पण अर्धवट सोडलं असतं तर पुढच्या गुरुवारी यंत्र पुन्हा बसलं असतं.

"सरांनी यंत्र बिघडवलं!" शिवराज ओरडला.

"मग हे राहू द्या. माझं घ्या." जोतिरामांनी पिशवीतून हातात मावेल एवढा छोटा स्कोप काढला. जुनाच, पण बॅटरीवर चालणारा. "पाट घ्या तुमचाच. बिरप्पा, मेंढ्या कोंडायच्या तुझ्या वाघुरीची एक लोखंडी मेख दे. आणि चला सगळे माळावर, विजेची एकही तार नाही तिथं."

लोक निघाले. तमाशा बघायला निघाले म्हणा, पण निघाले. शिवराजलाही यावं लागलं. मागं राहिला असता तर तेच उत्तर झालं असतं. तारा आणि खांब बरेच मागं पडल्यावर, मेंढ्यांची वाघूर लावली होती तिथं, जोतिरामांनी मेख मातीत ठोकली, स्कोपची एक तार तिला अडकवली, पाट मांडला. ईरप्पा चढला. रेघ सपाट. बिरप्पा चढला. सपाट. अक्कलकोटची एक बाई चढली, तिनं कानडीत नवऱ्याला दोन शिव्याही घातल्या. सपाट.

"महाराज, आता तुम्ही."

शिवराजनं नाइलाजानं बोट टेकलं. रेघ ढिम्म.

"अगं बया!" मागून एक बाई म्हणाली. "म्हाराजांत सोताचाबी आत्मा न्हाय की!"

माळावर असा हशा पिकला की मेंढ्या बुजल्या. मग जोतिराम सगळ्यांना घेऊन परत शेडजवळच्या खांबाखाली आले. तीच मेख, तोच पाट, तोच ईरप्पा. बोट लागताच लाट उठली.

"ऐका," जोतिराम म्हणाले. वर्गात बोलायचे त्याच आवाजात बोलले. "तारांतली वीज सेकंदाला पन्नास वेळा मागं-पुढं झुलते. जवळ जो उभा असेल त्याच्या अंगात तिचा बारीकसा अंश उतरतो. तुमच्या, माझ्या, एडक्याच्या, ओल्या टॉवेलाच्या. लाकडी पाटावर उभं राहिलं की तो अंगातच राहतो आणि काचेवर दिसतो. ओल्या गोणपाटावर उभं राहिलं की पायातून जमिनीत मुरतो, म्हणून रेघ पडते. गोळीचा संबंध नाही, सुईचा नाही, मेलेल्याचा तर नाहीच नाही. स्कोप चालू आहे का हे बघायला प्रत्येक कारागीर आधी असंच बोट लावून बघतो. मी माझ्या पोरांना पहिल्या तासाला हेच करायला लावायचो. तुमच्या डोळ्यांना दिसलं ते खरंच होतं. ते कशामुळे दिसलं, हे सांगणारा खोटं बोलला."

मग ईरप्पा वळला, शेडमध्ये गेला, आणि आत काच फुटल्याचा मोठा आवाज झाला. जोतिराम धावले. तुंगाच्या गोल काचेच्या जागी भोक होतं, झेंडू आणि काचा एकत्र पडलेल्या, आणि ईरप्पा दगड हातात घेऊन उभा होता. "माज्या भावाला बोलवतो म्हणला," तो म्हणाला. "त्येच्यासाटी मी गोळ्या कमी केल्या, सर." जोतिरामांनी त्याच्या हातातला दगड काढून घेतला. हुबळीच्या त्या दोन भावांचं कदाचित हे शेवटचंच यंत्र असेल. त्यात यंत्राचा काय दोष, असं त्यांच्या ओठांवर आलं होतं, पण ते म्हणाले नाहीत. त्या गडबडीत शिवराजनं जीप काढली. जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार द्यायला मात्र त्याच दिवशी दहा-बारा माणसं ठाण्यात गेली.

जोतिराम वस्तीवर पोचले तेव्हा मायाक्का चुलीपुढं बसली होती. चूल पेटवलेली नव्हती.

"आलास? झालं तुजं समाधान?"

"नाही."

"मग माजा बिरू कुटं हाय, सांग. लई शिकलायस न्हवं?"

"मला ठाऊक नाही अक्का. कुठल्याच यंत्राला ठाऊक नाही. ठाऊक आहे म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नकोस."

जोतिराम तिच्यासमोर जमिनीवर बसले. कुठल्या कंपनीनं कुठल्या साली काय बनवलं, यावर ते तासन्‌तास बोलू शकत होते. आणि सख्ख्या भाच्याबद्दल बोलायला पहिला शब्द सापडत नव्हता.

"बिरूनं," ते म्हणाले. "बिरूनं सातवीत असताना माझा एक मीटर उघडला होता. मी कॉलेजला गेलो असताना. आल्यावर बघतो तर सगळे स्क्रू ताटात मांडून ठेवलेले, लहानापासून मोठ्यापर्यंत. मी ओरडलो, तर म्हणाला, मामा, एक उरलाय, तो ह्यातला न्हाईच बहुतेक."

मायाक्काच्या तोंडून हसू आणि रडू एकदमच बाहेर पडलं. "माज्या शिलाईच्या मशीनचा आसंल त्यो, त्येच्या खिशात ऱ्हायल्याला! म्हणूनच ते खडखडत हुतं! आजून सांग."

"सांगतो. आधी दवाखाना."

"तू सांगत ऱ्हा वाटंनं," म्हणत ती भिंतीला धरून उठली.

अंगठा थोडक्यात वाचला. सुई पुन्हा चालू झाली. पुढच्या गुरुवारी जोतिराम वस्तीवर होते, कारण अक्कानं बोलावलं होतं. दुपारी रस्त्यावरून एक तरुण बाई चौकशी करत आली. दूरच्या गावची, बातमी न पोचलेली. छातीशी कुणाचा तरी फोटो धरला होता. "तरंगनाथ म्हाराज कुटं बसत्यात? शेडला तर कुलूप हाय."

जोतिरामांनी समजावून सांगायला तोंड उघडलं. मायाक्कानं हातानंच त्यांना गप्प केलं.

"बस बाई. म्हाराज गेला पळून. त्येच्या डब्यात वायरीतली लाइट दिसायची, माणूस न्हाय. मीबी फसले. सुई सोडली, पाय जायचा राहिला. तवा आता माजं ऐक. काय बी नवल दिसलं की लगीच हात जोडायचं न्हाय. जागा बदलून बगायचं. पाट काढून बगायचं, माणसाच्या जागी एडका हुबा करून बगायचं. खरं आसंल तर हालणार न्हाय. आन् जो तपासू देत न्हाय, त्यो चोर. गोळी-सुई तर डाक्टरबिगर कुणाच्या सांगण्यानं सोडायची न्हाय. कळलं?"

बाईनं मान हलवली. तिचे डोळे मात्र बंद शेडच्या दिशेला होते.

"मग मी आता कुणाकडं जाऊ?" ती म्हणाली.

"आलीयस की." मायाक्कानं घोंगडं झटकून पुढं सारलं. "फोटो दाव. नाव काय त्येचं? सगळं सांग, रडत सांगितलंस तरी चालंल. तुजं झालं की मी माज्या बिरूचं सांगीन." मग तिनं भावाकडे बोट केलं. "आन् मग ह्यो सांगंल. ह्येची सोजर गेली, तवापास्नं ह्येनं मीटरबिगर कुणासंगं त्वांड उघडलं न्हाय."